पाय उचलला तरी चालणारी गाडी

दसरा. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. चिंचमाळ गाव, गुरांच्या दवाखान्यासमोरचं अंगण. पांढऱ्या रंगाची एक नवी मोटार पूर्वेकडे तोंड करून उभी होती. तिच्या नाकावर झेंडूचा हार चढवण्यात आला. हार मनगटाएवढा जाड. त्याच्या मधोमध पाच लिंबं, सात मिरच्या आणि एक काळी बाहुली.

हार चढवणारा गेनू घोलप. वय बत्तीस. चिंचमाळमध्ये ड्रायव्हर तसे पुष्कळ, पण भोळा म्हणावा असा हा एकच.

आता गावात त्याला वेडा म्हणतात. ते साफ खोटं आहे. गेनूनं आयुष्यात एकही गोष्ट स्वतःच्या मनानं केलेली नाही. सांगितलं ते केलं, सांगितलं तसं केलं, सांगितलं तेवढंच केलं. सांगणाऱ्यांची नावं मात्र कोणी घेत नाही. म्हणून इथे सगळी नावं दिली आहेत.

पहिलं नाव डॉ. हेमलता सोनटक्के. गुरांच्या डॉक्टर. मोटार त्यांची. पाच गावांची गुरं त्यांच्याकडे, आणि या गावांच्या मधून मोठा महामार्ग जातो. गाडीत एक सोय होती. महामार्गावर ऐंशीचा वेग धरायचा, स्टिअरिंगवरचं एक बटण दाबायचं आणि पाय उचलायचा. गाडी ऐंशीनं चालत राहते. पुढे दुसरी गाडी आली तर आपणहून हळू होते. ती बाजूला झाली की पुन्हा ऐंशी. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. गेनू नुसतं क्रूझ म्हणायचा, आणि बटण दाबण्याआधी पायातली चप्पल काढायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्रूझ बंद पडलं. बटण दाबलं की नारिंगी रंगात एका गाडीचं चित्र उमटायचं, टुंग असा आवाज व्हायचा आणि बस्स.

बाईंनी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. केंद्र म्हणालं, गाडीबरोबरची पुस्तिका वाचा. पुस्तिका तीनशे बारा पानांची. बाईंनी दोन दिवस वाचली. दोनशे चौदाव्या पानावर ते नारिंगी चित्र सापडलं. त्याच्यापुढे एकच वाक्य होतं: सेवा केंद्राशी संपर्क साधा. बाईंनी पुन्हा फोन केला. केंद्र म्हणालं, पुस्तिका वाचली का? ज्यानं हा फोन घेतला तो पगार घेतो. त्याला कोणी भोळा म्हणत नाही.

एरवी क्रूझ नसलं तरी गुरांचं काही अडत नव्हतं. गेनूचं अडत होतं. त्याचं लग्न त्या बटणावर येऊन थांबलं होतं.

झालं होतं असं. वडझिऱ्याची सारिका ठोंबरे शेळी घेऊन दवाखान्यात आली होती. बाई गेनूला म्हणाल्या, "शेळी धरून ठेव." आणि जेवायला गेल्या. दीड तासानं परत आल्या तेव्हा शेळी बसली होती, सारिका बसली होती, आणि गेनू शेळीचे कान धरून वाकलेलाच होता. सारिकाला हसू आवरेना. घरी जाऊन ती म्हणाली, "सोड म्हणेपर्यंत हा माणूस सोडत नाही. मला चालेल."

तिच्या वडिलांना चालत नव्हतं. भिकाजी ठोंबरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवलेली. ते म्हणाले, "पोरगा ड्रायव्हर आहे ना? मग आधी मी त्याच्या शेजारी बसणार. आणि पाय उचलला तरी गाडी चालते म्हणून सांगत फिरतोय, ते मला बघायचंय. चालली तर बोलणी. नाही चालली तर पोरगा थापाड्या. थापाड्याला मी पोरगी देत नाही."

शुक्रवारी बारा वाजता यायचं ठरलं.

शुक्रवारी आठ वाजता बाईंनी गेनूला फाट्यावर रज्जाकभाई मिस्त्रींकडे पाठवलं.

"मिस्त्रीला सगळं सांग," बाई म्हणाल्या. "काही लपवू नकोस."

गेनूनं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या पहाटे कोणतं तेल लावलं इथपासून सुरुवात केली. आपट्याची पानं कोण कोण घेऊन आलं. पोलीसपाटलांची म्हैस कशी व्याली. पहिले पुढचे पाय आले की मागचे. रज्जाकभाई हातात पाना घेऊन उभे होते. पाना जड होता. हाराचा उल्लेखसुद्धा त्यात होता, एकविसाव्या मिनिटाला. तेव्हा रज्जाकभाई चहा सांगायला गेले होते.

परत आले तर गेनू बोलतच होता.

"अरे ए बाबा!" रज्जाकभाई ओरडले. "मी डागदर आहे का मुन्शी? थोडक्यात! मी विचारीन तेवढंच बोलायचं. विचारलं नाही तर तोंड बंद."

"बरं," गेनू म्हणाला. आणि तोंड बंद केलं.

रज्जाकभाईंच्या गॅरेजात गाडीखाली उतरायला खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर घेतली. रज्जाकभाई खाली उतरले. जमीन थोडी उताराची. हँडब्रेक लावायला कोणी सांगितलं नव्हतं.

"ब्रेकचा दिवा पेटतो का बघ," खालून आवाज आला. "दिव्यात बिघाड असला की क्रूझ धरत नाही."

"पेटतो."

"फ्यूज?"

"तुम्हीच आत्ता बघितलात."

"हां. मग चाकाकडची वायर बघतो."

मग बराच वेळ रज्जाकभाईंनी काही विचारलं नाही. गेनू काही बोलला नाही.

"काय रे," रज्जाकभाई म्हणाले, "एवढा उजेड कुठनं आला?"

"वरनं."

"वर तर गाडी आहे."

"नाही."

रज्जाकभाईंनी मान वर केली. वर आभाळ होतं. आभाळात एक घार होती.

"गाडी कुठाय?"

"गेली."

"कधी?"

"तुम्ही वायर बघत होता तेव्हा."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

गाडी रस्ता ओलांडून समोरच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसली होती. ओरखडासुद्धा नव्हता. रज्जाकभाई खड्ड्यातून वर आले तेव्हा त्यांच्या हातात गाडीच्या ऐवजी नुसता टॉर्च होता.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "काहीही हललं, जरा जरी हललं, की ओरडायचं. जीव खाऊन ओरडायचं. कळलं?"

"कळलं."

"आणि हिच्या नाकात एक डोळा असतो. सेन्सर. पुढची गाडी बघतो तो. गंजीत घुसलीय, कचरा बसला असंल. नदीवर जा, नाक धुऊन आण." मग त्यांनी हाराकडे बघितलं. "हार पूजेचा आहे. मी हात लावत नाही बाबा. तू काढ, धू, आणि जसा होता तसा परत चढव."

बाईंनीही पाच दिवसांत हाराला हात लावला नव्हता. बाई शिकलेल्या. गुरांवर अंगारे-धुपारे करणाऱ्यांना त्या हाकलून देतात. पण दसऱ्याचा हार आपोआप गळून पडेपर्यंत काढायचा नाही, एवढं त्याही पाळतात. चिंचमाळमध्ये सगळेच पाळतात. गाडीच्या डोळ्यावर पट्टी बांधली आहे हे पाच दिवस सगळं गाव बघत होतं, आणि प्रत्येक जण वाकून नमस्कार करून जात होता.

गेनू नदीवर गेला. हार उतरवला, दगडावर ठेवला. नाक धुतलं. बोटानं, मग पंच्यानं, मग पुन्हा बोटानं. डोळा लख्ख झाला. मग हार जसा होता तसा परत चढवला. लिंबं डोळ्यावर आली.

पलीकडे घाटावर तात्या ढमाल्यांचा दहावा होता. पिंड ठेवलेला. कावळा शिवेना. आठ वाजल्यापासून साठ माणसं श्वास रोखून उभी. तात्यांची कोणती इच्छा राहिली असेल ती एकेक करून बोलून झाली होती. धाकट्याचं लग्न लावू. कावळा ढिम्म. बांधाचं भांडण मिटवू. ढिम्म. शेवटी थोरला मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "तात्या, तुमच्या रेडिओला नवीन सेल घालू!"

कावळा फांदीवरून उतरला. एक उडी मारली. दुसरी मारली. पिंडापासून वीतभर राहिला. चोच पुढे केली.

"हललाऽऽ!" गेनू जीव खाऊन ओरडला. "हललाऽऽ! हललाऽऽ!"

कावळा नदीपार गेला. नुसता तोच नाही. त्या काठावरचे सगळे कावळे गेले.

साठ माणसं गेनूकडे वळली. मारलंच असतं, पण प्रसंग तसा नव्हता. तात्यांचे थोरले बंधू काठी टेकत पुढे आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "पोरा, काही रीतभात? माणूस दुःखात दिसला की ओरडायचं नसतं. थांबायचं. हात जोडायचे. म्हणायचं, गेलं ते गेलं, मन घट्ट करा. आणि गुपचूप आपल्या वाटेनं निघून जायचं."

"बरं आजोबा," गेनू म्हणाला. आणि त्यांच्यावरच पहिल्यांदा करून बघितलं. बरोबर जमलं.

अकरा वाजून दहा मिनिटं. फाट्यावर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ धावत होते. एका हातात पिशवी, दुसरा हात हवेत. पुढे चिंचमाळची बस धूळ उडवत चालली होती. एकतीस वर्षं या गृहस्थांनी धावणाऱ्या माणसांना मागे टाकून बस नेली होती. आज ते धावत होते. हेच भिकाजी ठोंबरे. गेनूनं त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

मागून पांढरी मोटार आली. भिकाजींनी दोन्ही हात वर केले.

"अहो थांबा! माझी गाडी गेली हो!"

गेनूनं मोटार थांबवली. खाली उतरला. डोक्यावरची टोपी काढली.

"कधी गेली?"

"आत्ता! डोळ्यांदेखत!"

"किती वर्षांची होती?"

"असंल बारा-तेरा. मला काय करायचंय? पुढची थेट साडेतीनला!"

गेनूनं हात जोडले. मान खाली घातली.

"गेलं ते गेलं," तो म्हणाला. "मन घट्ट करा."

आणि गुपचूप आपल्या वाटेनं निघून गेला.

फाट्यापासून चिंचमाळ साडेचार किलोमीटर. भिकाजी चालत आले. साडेबारा वाजता दवाखान्याच्या अंगणात पोहोचले. अंगणात मोटार. मोटारीशेजारी गेनू. नवा शर्ट, केसांना पाणी.

"हा!" भिकाजी म्हणाले. पुढचा शब्द यायला त्यांना पाणी प्यावं लागलं. "हाच तो! ह्यालाच मी पोरगी द्यायची?"

"ठोंबरेकाका, बसा तरी," बाई म्हणाल्या.

"बसायलाच निघालो होतो मी! ह्यानं बसू दिलं असतं तर!" त्यांनी खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला. "सारिके, तुझा तो शेळीवाला मला रस्त्यात सोडून गेला. वर हात जोडून गेला!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग सारिका म्हणाली, "बाबा, त्याला कुणीतरी तसं सांगितलं असणार. तुम्ही गाडीत बसून तर बघा. नाही चालली तर तुम्ही म्हणाल तसं."

भिकाजी गेनूकडे वळले. बोट नाचवत म्हणाले, "हे बघ. माणूस हात करतो म्हणजे त्याला गाडीत घ्यायचं असतं. हात केला की थांबायचं, दार उघडायचं, आत बसवायचं आणि निघायचं. कोण, कुठला, कशाला, काही विचारत बसायचं नाही. ही ड्रायव्हरची माणुसकी!"

"बरं मामा," गेनू म्हणाला.

मामा म्हटल्यावर भिकाजींना आणखी राग आला. पण ते पुढच्या सीटवर बसले.

महामार्गाच्या तोंडाशी हवालदार गुंजाळ उभे होते. मोठ्या मिशा, पांढरे हातमोजे. समोरून एक मोटार आली. तिच्या पुढच्या नंबरच्या पाटीवर फुलं होती. नंबर दिसत नव्हता. गुंजाळांनी हात केला.

गेनू थांबला. उतरला. मागचं दार उघडलं.

"कागद," गुंजाळ म्हणाले.

"आत बसा साहेब."

"कागद कुठायत?"

"आतच आहेत. बसा ना."

ऊन होतं. गाडीत गार हवा होती. गुंजाळ कागद बघायला आत वाकले, आणि मग बसलेच. दार लागलं. गाडी निघाली.

"ए! ए, कुठं निघालास?"

"विचारू नका साहेब," गेनू म्हणाला. "विचारत बसायचं नाही."

"कोण म्हणतं?"

"मामा म्हणतात."

गुंजाळांनी मामांकडे बघितलं. मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मी ड्यूटीवर आहे! पोलिसाला पळवून नेताय तुम्ही!"

"मी नाही हो," भिकाजी म्हणाले. "मलासुद्धा ह्यानं सकाळी असंच केलं. म्हणजे उलटं केलं."

पुढे उतरायला जागा सात किलोमीटरवर. मागे वळता येत नाही. महामार्ग ज्यांनी आखला त्यांनी हवालदार पळवून नेला जाईल याचा विचार केलेला दिसत नाही.

गेनूनं ऐंशीचा वेग धरला. चपला काढल्या. बटणावर बोट ठेवलं. त्याच्या मानेवर घाम दिसत होता.

"बघा मामा," तो म्हणाला.

टुंग.

नारिंगी चित्र.

पाय उचलायचा असं ठरलं होतं, म्हणून गेनूनं पाय उचलला. गाडी ऐंशीची सत्तर झाली. पन्नास झाली. एक उसाचा ट्रक भोंगा वाजवत बाजूनं गेला. तीस झाली. गेनूनं ती कडेला घेतली, आणि तिथं ती थांबली.



"थापाड्या," भिकाजी म्हणाले. या वेळी ओरडून नाही, आणि तेच वाईट होतं. ते पिशवी सारखी करू लागले. "सारिकेला काय सांगू मी आता?"

गेनूनं एकदा बटण दाबलं. टुंग. पुन्हा दाबलं. टुंग.

मागचं दार उघडलं. हवालदार गुंजाळ खाली उतरले, वही काढली आणि नंबर लिहून घ्यायला गाडीच्या पुढे गेले. नंबर फुलांखाली होता.

"हे काय आहे?"

"हार," गेनू म्हणाला.

"ते दिसतंय. काढ!"

"काढायचा नसतो साहेब."

तेव्हा गुंजाळांनी दोन्ही हातांनी हार धरला आणि ओढला. झेंडू महामार्गभर झाले. बाहुली गटारात गेली. लिंबं घरंगळत पलीकडच्या पट्ट्यात गेली आणि एका टँकरनं त्यांचं सरबत केलं. पाच दिवस डॉक्टर, मिस्त्री, सेवा केंद्र आणि तीनशे बारा पानं यांना जे जमलं नाही ते पोलीस खात्यानं चार सेकंदांत केलं. चलन फाडायला केलं, ही गोष्ट वेगळी.

"लक्षात ठेव," गुंजाळ म्हणाले. ते अजून धापा टाकत होते. "पुढे आडवं काही टांगलेलं असलं की पुढचं दिसत नाही, आणि पुढचं दिसलं नाही की काम अडतं. कुठंही दिसलं, की ओढून काढायचं. दुसऱ्याचं असलं तरी काढायचं! पूजेचं आहे, बिजेचं आहे, काही ऐकायचं नाही. आता मला परत सोड."

"बरं साहेब."

गाडी निघाली. ऐंशी झाले. गेनूनं सवयीनं बटण दाबलं.

टुंग झालं नाही. हिरवं चित्र आलं.

गेनूनं पाय उचलला. ऐंशी. गाडी चाललीच.

"मामा," तो हळूच म्हणाला.

भिकाजींनी वेगाच्या आकड्याकडे बघितलं. मग गेनूच्या गुडघ्याकडे.

"दुसरापण वर घे."

"घेतला."

भिकाजी वाकले. आणखी वाकले. डोकं पार खाली नेऊन त्यांनी पायांची जागा बघितली. तिथं दोन चपला होत्या. चपलांत कोणी नव्हतं.

"अहो हवालदार!" खालून आवाज आला. "या, या, बघा! खाली कुणीच नाही! रिकामं आहे सगळं!"

गुंजाळही दोन सीटांच्या मधून पुढे वाकले. "च्यायला," ते म्हणाले, "खरंच की."

तिघांपैकी रस्त्याकडे एकटा गेनू बघत होता. बघू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे उसाची ट्रॉली आली. गाडी आपणहून हळू झाली. ट्रॉली बाजूला गेली. गाडी आपणहून ऐंशी झाली. भिकाजींनी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, आणि आपल्या उजव्या मांडीवर थाप मारली. "एकतीस वर्षं हा पाय महामंडळाचा होता. झोपेतसुद्धा ब्रेक दाबायचा. सारिकाची आई म्हणायची, लाथा मारू नका हो, स्टँड अजून लांब आहे. आणि इथं बघा, पोरगा मांडी घालून बसलाय!" त्यांनी डोळे पुसले. "दिली पोरगी. परत एकदा दाब."

परत एकदा दाबलं. गुंजाळांनाही दाबून बघायचं होतं. उतरायची जागा आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. हवालदार गुंजाळ आपल्या जागेवर सव्वातीन वाजता परत आले. चौकीच्या वहीत त्या वेळेपुढे 'गस्तीवर' असं लिहिलेलं आहे.

तुळशीची लग्नं झाल्यावर पंधराव्या दिवशी, रविवारी, लग्न ठरलं. तालुक्याच्या मैदानावर सामुदायिक विवाह. ही भिकाजींची कल्पना. "एकेका जोडीसाठी वेगळी फेरी कशाला?" ते म्हणाले. "एकाच फेरीत सगळे."

अकरा जोड्या. अकरा नवरदेव एका ओळीत पाटांवर, समोर अकरा नवऱ्या, मध्ये अकरा अंतरपाट. दोन हजार माणसांच्या मुठीत अक्षता. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटं. चौथ्या पाटावर गेनू. बंदोबस्ताला हवालदार गुंजाळ, आणि सुट्टी म्हणून त्यांच्या सौभाग्यवतीही आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

बारा वाजून सहा मिनिटं. भटजींनी डोळे मिटून ध्वनिक्षेपकावर तिसरं मंगलाष्टक धरलं होतं.

गेनूनं समोर बघितलं. पुढे आडवं काहीतरी टांगलेलं होतं. पांढरं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पुढचं दिसत नव्हतं.

त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

पलीकडे सारिका दिसली. गेनूला आनंद झाला. मग त्यानं बाजूला बघितलं. पाचव्या पाटासमोर पण तेच. दुसऱ्याचं असलं तरी काढायचं होतं. पाचवा ओढला. सहावा ओढला. तिथल्या मामांनी घट्ट धरला होता, मामांसकट ओढला. "काम अडलंय! काम अडलंय!" असं ओरडत गेनू ओळीनं निघाला. मग मागे फिरून राहिलेले तीन काढले आणि पुन्हा पुढे धावला.

पडदा खाली आला की वाजवा, एवढंच बँडवाल्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवलं. बँड वाजला की अक्षता टाका, हे दोन हजार माणसांना लहानपणापासून माहीत. त्यांनी सगळ्या टाकल्या. बँड वाजला म्हणजे वेळ झाली, असं समजून भटजींनी डोळे न उघडता 'तदेव लग्नं' म्हणून टाकलं. या सगळ्यांनी ठरल्याप्रमाणेच केलं. विवाह समितीनं ठपका मात्र एकट्या गेनूवर ठेवला.

हवालदार गुंजाळ त्याला धरायला धावले होते. अक्षतांच्या मारानं पुढचं दिसेना, म्हणून ते जरा उंचावर चढले आणि "थांब! अरे थांब!" म्हणून त्यांनी हात वर केला. ती उंच जागा म्हणजे चौथा पाट.

सारिकानं तांदळामुळे डोळे घट्ट मिटून घेतले होते. मागे भिकाजी ओरडत होते, "घाल! सारिके, घाल पटकन, वेळ चालली!"

तिनं माळ घातली.

अकरा नवऱ्यांनी अकरा माळा घातल्या. दहा बरोबर पडल्या. तांदूळ थांबले, सारिकानं डोळे उघडले, तर समोर मोठ्या मिशा आणि त्यांच्याखाली तिची माळ. "अगं बाई!" ती म्हणाली. मग तिनं ती माळ हवालदारांच्या गळ्यातून काढली, तरातरा अकराव्या पाटापर्यंत गेली आणि गेनूच्या गळ्यात घातली. गेनूच्या दोन्ही हातांत अंतरपाट होते. हसू आवरेना म्हणून ती तिथंच खाली बसली.

भिकाजी म्हणाले, झालं लग्न. भटजी म्हणाले, 'तदेव लग्नं' म्हटल्यावर माळ पहिल्यांदा ज्याच्या गळ्यात पडली त्याच्याशी झालं, शास्त्र तसंच आहे. समितीचे अध्यक्ष म्हणाले, आम्ही फक्त मंडप दिला. गेनू म्हणाला, "मी आता काय करायचं ते सांगा," आणि कोणी सांगायला धजेना.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून गुंजाळवहिनी उठल्या. मुठीतल्या अक्षता अजून तशाच होत्या. त्यांनी भटजींच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि विचारलं, "मग आज आमच्या घरी उंबऱ्यावर माप ठेवायचं की नाही?"

हा प्रश्न बारा वाजून अकरा मिनिटांनी दोन हजार माणसांसमोर विचारण्यात आला. भटजी, विवाह समिती, पोलीस ठाणं आणि स्वतः हवालदार, यांपैकी कोणीही त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.